मुक्या मांजराचे दुखणे

भंडारा जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. वैनगंगेच्या खोऱ्यात पावसाळ्याच्या आरंभी रोवणीची लगबग सुरू होते आणि दिवाळीच्या सुमारास पिवळ्या लोंब्यांनी बांध्या भरून जातात. कापणी झाली, मळणी झाली, की धान घरात येते. कणग्या आणि ढोल्या काठोकाठ भरतात. पण धानाच्या पाठोपाठ घरात आणखी एक पाहुणा येतो. तो उंदीर होय. रात्री ढोलीच्या बुडाशी खुडबुड ऐकू आली, की घरधन्याची झोप उडते. अशा वेळी त्या घराचा खरा राखणदार म्हणजे मांजर. न बोलावता ते माळ्यावर जाते, अंधारात तासन् तास दबा धरून बसते आणि आपले काम चोख बजावते.

माणसाची आणि मांजराची ही सोबत फार जुनी आहे. पश्चिम आशियातील लोक शेती करून धान्य साठवू लागले, तेव्हा धान्याकडे उंदीर आले आणि उंदरांच्या मागे तेथील रानमांजरे वस्तीजवळ आली, असे शास्त्रज्ञ मानतात. सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाच्या शेजारी पुरलेले मांजर सापडले; हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे आपल्या ओसरीवर अंगाचे मुटकुळे करून झोपणारे मांजर हे हजारो वर्षांच्या सोबतीचा वारसा घेऊन आलेले आहे.

परंतु इतक्या वर्षांच्या सहवासानंतरही मांजराने आपला एक रानटी स्वभाव सोडलेला नाही. तो म्हणजे दुखणे लपविण्याचा. बैल आजारी पडला तर तो वैरण टाकतो, मान खाली घालतो आणि शेतकऱ्याच्या ते तत्काळ ध्यानात येते. कुत्रा दुखापत झाल्यास केकाटतो, धन्याकडे धाव घेतो. मांजर मात्र असे काहीच करीत नाही. रानात मांजर हे लहान प्राण्यांचे शिकारी असले, तरी मोठ्या प्राण्यांचे ते भक्ष्यही असते. जो दुबळा दिसतो, त्याच्यावर प्रथम झडप पडते. म्हणून दुखत असतानाही न दाखविणे, अडचणीच्या जागी जाऊन निमूट पडून राहणे, हीच त्याच्या पूर्वजांची संरक्षणाची रीत होती. घरातल्या उबदार चुलीजवळ वाढलेले मांजरही हीच रीत पाळते. त्यामुळे मांजर आजारी असल्याचे घरच्यांना कळते, तेव्हा पुष्कळदा आजार बराच बळावलेला असतो.

असे एक घर डोळ्यांपुढे आणा. लाखनी तालुक्यातील एक लहानसे गाव. सायंकाळची वेळ. घरातील धाकटी मुलगी जेवायला बसली आहे. रोज ताटाशेजारी येऊन बसणारा बोका आज आलेला नाही.

"आजी, आपला बोका सकाळपासून ताटाजवळ आला नाही," ती म्हणते.

"अगं, खाल्ला असेल कुठे तरी उंदीर. येईल रात्री," आजी उत्तर देते.

आजीचे म्हणणे खोटे नाही. मांजर कधी कधी बाहेरच पोट भरून येते. पण मुलीचे लक्ष आणखी एका गोष्टीकडे गेलेले आहे. बोका परसात मातीवर पुन्हा पुन्हा जाऊन बसतो, जोर करतो, उठतो आणि थोड्या वेळाने परत तेथेच बसतो. घरातील मोठी माणसे म्हणतात, "त्याचे पोट साफ होत नसेल." या बोक्याचे पुढे काय झाले, ते पाहण्यापूर्वी मांजर निरोगी कसे असते, हे जाणून घेतले पाहिजे, कारण ज्याला नित्याचे ठाऊक नाही, त्याला बदल ओळखता येणार नाही.

निरोगी मांजराचा दिनक्रम ठरलेला असतो. ते ठराविक वेळी खाण्यासाठी येते. दिवसाचा बराच वेळ झोपते; परंतु जागे झाले, की अंग ताणते, इकडेतिकडे फिरते, उंच जागी सहज उडी घेते. खाणे झाल्यावर पंजा चाटून तोंड पुसते आणि सर्व अंग जिभेने स्वच्छ करते. त्याचे केस मऊ आणि तुकतुकीत असतात. डोळे स्वच्छ आणि उघडे, नाक कोरडे किंवा किंचित ओलसर, पण वाहणारे नसते. हिरड्या फिक्या गुलाबी असतात. मलमूत्र करून ते मातीने झाकून टाकते. या साऱ्या गोष्टी रोज पाहणाऱ्याला पाठ होऊन जातात.

यांपैकी एखादी गोष्ट बदलली, की सावध व्हावे. पहिली खूण खाण्याची. मांजराने एक वेळचे खाणे टाकले तर फारसे बिघडत नाही. पण पूर्ण एक दिवस त्याने अन्नाला तोंड लावले नाही, तर ती गोष्ट क्षुल्लक समजू नये. मांजराचे, विशेषतः लठ्ठ मांजराचे शरीर उपास सहन करू शकत नाही. काही दिवस पोटात अन्न गेले नाही, तर अंगातील चरबी यकृतात साठू लागते आणि मूळचा आजार बरा होण्याऐवजी दुसराच भयंकर आजार उभा राहतो. तहानेकडेही लक्ष द्यावे. मांजराचे पूर्वज रुक्ष प्रदेशातील. त्यामुळे मांजर मुळात पाणी थोडे पिते. म्हातारे मांजर एकाएकी पुष्कळ पाणी पिऊ लागले, वारंवार लघवी करू लागले आणि अंगाने झडू लागले, तर मूत्रपिंडाच्या विकाराची शंका घ्यावी.

वजनाची घट डोळ्यांना लवकर दिसत नाही, कारण ती केसांखाली लपते. चार किलो वजनाच्या मांजराचे वजन ४०० ग्रॅमने घटले, तर ती घट म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाचे ६ किलो वजन उतरण्यासारखीच होय. घरात वजनकाटा असेल तर मांजराला उचलून घेऊन काट्यावर उभे राहावे आणि मग एकट्याचे वजन करून ते वजा करावे. काटा नसेल तर पाठीच्या कण्यावरून आणि बरगड्यांवरून हात फिरवावा. हाडे पूर्वीपेक्षा टोचू लागली असतील, तर ते चांगले लक्षण नव्हे.

दुसरी खूण अंगाच्या निगेची. स्वच्छतेविषयी मांजरासारखा दक्ष प्राणी क्वचितच आढळतो. त्याचे केस विस्कटलेले, तेलकट किंवा गाठी पडलेले दिसू लागले, तर अंग चाटण्याइतकेही त्राण त्याच्यात उरले नाही, किंवा मान वळविताना त्याला वेदना होत आहेत, असे समजावे. मांजराच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात एक पांढरट पडदा असतो. तो एरवी दिसत नाही. दोन्ही डोळ्यांवर तो अर्धवट आलेला दिसला, तर मांजर बहुधा आजारी असते. हिरड्या पांढऱ्या पडल्या तर रक्त कमी झालेले असते. पिवळ्या झाल्या तर कावीळ असते. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती तत्काळ पूर्ववत न होता काही वेळ तशीच उभी राहिली, तर अंगातील पाणी कमी झाले आहे हे ओळखावे.

तिसरी खूण श्वासाची. मांजर शांत झोपलेले असताना त्याची छाती वर-खाली होते, ती मोजावी. एका मिनिटात साधारणपणे १५ ते ३० श्वास होतात. झोपेतही श्वास सतत यापेक्षा अधिक होत असतील, तर पशुवैद्याला दाखवावे. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो, ते स्वाभाविक आहे. पण मांजर स्वस्थ बसलेले असताना तोंड उघडून धापा टाकू लागले, तर ते फार मोठे संकट समजावे. वैशाखात विदर्भातील ऊन भाजून काढते, तेव्हा पत्र्याच्या खोलीत कोंडून राहिलेल्या मांजरालाही उन्हाचा तडाखा बसतो. त्याला सावलीत आणावे, अंग साध्या पाण्याने ओले करावे आणि विलंब न लावता दवाखाना गाठावा.

ताप ओळखण्याविषयी मात्र एक चुकीची समजूत रूढ आहे. मांजराचे अंग हाताला गरम लागले, म्हणजे त्याला ताप आहे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः निरोगी मांजराचेच तापमान सुमारे १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. म्हणजे ते माणसापेक्षा नेहमीच अधिक उष्ण असते. नाक गरम किंवा कोरडे असण्यावरूनही निदान होत नाही. ताप आहे की नाही, हे पशुवैद्याचा तापमापकच सांगू शकतो.

मांजराच्या चेहऱ्यावरूनही वेदना ओळखता येतात. कॅनडातील माँट्रियल विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी यासाठी एक पद्धत तयार करून २०१९ साली प्रसिद्ध केली. तीत पाच गोष्टी पाहावयाच्या असतात: कान, डोळे, तोंडाचा पुढचा भाग, मिशा आणि डोक्याची ठेवण. मांजराला दुखत नसेल तेव्हा कान पुढे वळून ताठ असतात, डोळे उघडे असतात, मिशा सैल व किंचित वळलेल्या असतात आणि डोके खांद्यांच्या वर असते. वेदना होत असताना कान एकमेकांपासून दूर, बाहेरच्या बाजूला फिरतात. डोळे बारीक होतात. तोंडाचा भाग ताणला जातो. मिशा सरळ होऊन पुढे येतात आणि डोके खांद्यांच्या खाली झुकते. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मांजर घुरघुर करते, तेव्हा ते सुखात आहे असे आपण मानतो. बहुधा ते खरेही असते. परंतु आजारी, जखमी आणि मरणोन्मुख मांजरेही घुरघुरतात. म्हणून केवळ त्या आवाजावरून निश्चिंत होऊ नये.

आता त्या बोक्याकडे वळू. त्याचे पोट बिघडलेले नव्हते. त्याची लघवी अडली होती. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. बारीक खडे किंवा चिकट द्रव्य तीत अडकले, की मार्ग बंद होतो. मूत्राशय फुगत जाते, मूत्रपिंडांचे काम थांबते आणि शरीराबाहेर जायला हवी ती विषारी द्रव्ये रक्तात साचू लागतात. रक्तातील पोटॅशियम वाढून शेवटी हृदयच बंद पडते. हे सारे एक-दोन दिवसांत घडून येऊ शकते. एरंडेल पाजून किंवा 'उद्या पाहू' म्हणून येथे चालत नाही. त्या मुलीने वडिलांचा हात धरून त्यांना परसात नेले आणि कोरडी माती दाखविली. एवढ्या वेळा बसूनही मातीवर ओलाव्याचा ठिपका नव्हता. ही एक गोष्ट जर वडिलांनी मनावर घेतली आणि रात्र उजाडण्याची वाट न पाहता पशुवैद्याला गाठले, तर नळी घालून मार्ग मोकळा करता येतो आणि बोका वाचू शकतो. ती हसण्यावारी नेली, तर दुसऱ्या दिवशी औषधाचा उपयोग होईलच असे नाही. बोक्याचे मरण आणि जगणे यांमध्ये अशा वेळी एका मुलीची नजर तेवढी उभी असते.

मांजर कधी कधी गवत खाऊन ओकते किंवा चाटताना पोटात गेलेल्या केसांचा गोळा बाहेर टाकते. ओकून झाल्यावर लगेच खेळू लागले तर चिंतेचे कारण नाही. पण वारंवार उलट्या, पातळ जुलाब आणि मलूलपणा ही लक्षणे एकत्र दिसली, विशेषतः लहान पिलांत, तर मांजरांच्या एका प्राणघातक संसर्गाची शंका येते. त्यात रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी होतात. हा रोग एका पिलाकडून दुसऱ्याकडे त्वरित पसरतो. म्हणून आजारी पिलू वेगळे ठेवावे. यावर लस आहे आणि ती वेळेवर टोचून घेणे हाच उत्तम उपाय होय.

दुखणे ओळखण्याइतकेच, घरगुती उपचाराने ते न वाढविणे महत्त्वाचे आहे. माणसाच्या तापावरील पॅरासिटामॉलची गोळी मांजराला चुकूनही देऊ नये. ती पचवून निरुपद्रवी करणारी शक्ती मांजराच्या यकृतात फारच अल्प असते; एका गोळीनेही रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता नष्ट होऊ शकते, हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात आणि मांजर दगावते. फिनाईलने पुसलेल्या ओल्या जमिनीवरून चालून मांजर पंजे चाटते, तेव्हा तेही विषच त्याच्या पोटात जाते. कुत्र्याच्या अंगावरील गोचिडांची काही औषधेही मांजराला घातक आहेत. आणि जेथे धान साठविलेले असते, तेथे उंदरांसाठी विषही ठेवलेले असते. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला, तर तेच विष मांजरालाही बाधू शकते. काही विषांनी तासाभरात तोंडाला फेस येतो, झटके येतात. काहींनी तीन-चार दिवसांनी नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येऊ लागते. अशा वेळी विषाचे पाकीट सोबत घेऊनच दवाखान्यात जावे. ज्या घरी मांजर आहे, त्या घरी उंदरांचे विष न वापरणे, हे सर्वांत चांगले.

कोंबडीच्या कच्च्या मांसाविषयीही अलीकडे सावधगिरी बाळगावी लागते. भंडाऱ्यापासून फार दूर नसलेल्या नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या मृत्युमुखी पडले आणि तपासणीत बर्ड फ्लूचा विषाणू आढळला. वाघ आणि घरचे मांजर एकाच कुळातील. जो रोग वाघाला सोडत नाही, तो मांजरालाही होऊ शकतो. म्हणून मांजराला मांस द्यावयाचे ते शिजवून द्यावे. मात्र केवळ दूधभातावर त्याला ठेवणेही योग्य नव्हे. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, आणि मांस-मासळीतच मिळणाऱ्या टॉरिन नावाच्या द्रव्याअभावी मांजराचे डोळे आणि हृदय दुबळे होतात. तलावांच्या या जिल्ह्यात काटे काढून शिजविलेली थोडी मासळी त्याला मिळणे कठीण नाही.

एका बाबतीत मात्र मुलांनी स्वतः पुढे होऊ नये. प्रेमळ मांजर अकारण अंगावर धावून येऊ लागले, त्याचा आवाज बदलला, तोंडातून लाळ गळू लागली किंवा चाल डगमगू लागली, तर त्याला हात लावू नये. ही लक्षणे रेबीजची असू शकतात. हा रोग एकदा प्रकट झाला म्हणजे माणूस काय किंवा जनावर काय, बहुधा वाचत नाही. मांजराने चावल्यास किंवा ओरबाडल्यास जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. तीवर हळद, चुना किंवा तिखट लावू नये. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस टोचून घ्यावी. फ्रान्समधील लुई पाश्चर यांनी १८८५ साली एका मुलाला ही लस प्रथम टोचली आणि त्याचे प्राण वाचविले. तेव्हापासून वेळेवर येणाऱ्याला या रोगाचे भय उरलेले नाही.

आजारी मांजराला दवाखान्यात नेताना झाकण असलेली टोपली घ्यावी, तीत जुने कापड अंथरावे आणि वर पातळ फडके टाकावे. अंधारात मांजर शांत राहते. तालुक्याच्या गावी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. गंभीर दुखण्यासाठी नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते १९५८ साली स्थापन झाले आणि आज महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. पशुवैद्य प्रथम प्रश्न विचारतात: मांजर केव्हापासून खात नाही? लघवी शेवटची केव्हा केली? उलटी किती वेळा झाली? घरात कोणते विष किंवा औषध पडलेले होते? या प्रश्नांची अचूक उत्तरे जो देऊ शकेल, तो अर्धे निदान करून देतो.

ती उत्तरे कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नसतात. रोज ताटाशेजारी बसणाऱ्या त्या मुक्या सोबत्याकडे ज्याने रोज पाहिले, त्यालाच ती ठाऊक असतात. मांजर आपले दुखणे बोलून दाखवीत नाही. म्हणून त्याच्या वतीने बोलण्याचे काम घरातील कोणीतरी पत्करले पाहिजे. घरच्या धानाची राखण करणाऱ्या प्राण्याची एवढी राखण माणसाने केली, तर त्यात उपकार नाहीत. ती केवळ परतफेड आहे.